पूर्ण अंध व्यक्तीला एकट्याने विंडोज टाकता येते का?

कानसेन

नमस्कार मंडळी,

थेट प्रश्नच विचारते. पूर्ण अंध व्यक्तीला, शेजारी कुणी डोळस माणूस नसताना, लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकता येते का? इथे कुणी टाकले आहे का, आणि कसे?

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असल्याने यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसते. नुसते अपग्रेड करता येईल हे मला माहीत आहे, पण इतक्या वर्षांचा गाळ साचलाय की एकदा सगळे पुसूनच टाकावेसे वाटते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्राम, एनव्हीडीए.

"दुकानात दे की" हे उत्तर येणार, म्हणून आधीच सांगते. लॅपटॉपमध्ये विद्यार्थ्यांचे गुण आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, घरच्यांची कागदपत्रे आहेत. ते सगळे दोन दिवस परक्या टेबलावर ठेवायचे. परत मिळतो तेव्हा विंडोज चकाचक, पण यंत्र मुके. स्क्रीन रीडर नाही, आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारे सॉफ्टवेअर, असेल तर नशीब. मग ते बोलते करण्यासाठी पुन्हा कुणाला तरी हाक मारायची. विंडोज चालू असताना मला कुणाचीच गरज लागत नाही. यंत्र मध्येच गप्प बसते तेवढ्याच पट्ट्यात मी अडकते. तो पट्टा कसा ओलांडायचा ते सांगा.

चिंचगुळ

भारी विषय. मी डोळस आहे, मदत काही करू शकत नाही, पण वाचत राहणार. एक बाळबोध शंका: विंडोजमध्ये बोलणारा नॅरेटर असतोच ना? मग तो इन्स्टॉल करताना का नाही बोलत?

तिरकस

दादा, दुकानात द्या की.

(पळतोय.)

कानसेन

@तिरकस, दादा नाही, ताई. आणि पळताना खुर्ची जागेवर सरकवून जा, आम्हाला ठेच लागते.

खुडबुड्या

ताई, येते. मी पूर्ण अंध आहे, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. स्वतःच्या यंत्रावर टाकतो, मित्रांच्याही. सविस्तर लिहितो.

आधी चिंचगुळ यांची शंका. नॅरेटर बोलतो. विंडोज १० च्या २०१७ सालच्या क्रिएटर्स अपडेटपासून पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या सेटअपमध्ये आणि रिकव्हरीच्या निळ्या मेनूतसुद्धा तो चालू करता येतो. कळा: कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र. (पूर्वी नुसते विंडोज आणि एंटर होते, त्याच अपडेटमध्ये कंट्रोल जोडला.) पण बोलायला त्याला आवाजाचा ड्रायव्हर लागतो. सेटअपचे वातावरण म्हणजे अगदी छाटलेले छोटे विंडोज. त्यात साध्या प्रकारच्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर असतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत इंटेलचे स्मार्ट साउंड तंत्र असते, त्याचा ड्रायव्हर तिथे नसतो. मग नॅरेटर चालू होतो, पण ऐकू काहीच येत नाही. जुन्या यंत्रावर हे काम नव्या यंत्रापेक्षा सोपे जाते, हा विनोद नाही.

आता वाटा.

पहिली, आणि तुम्हाला हीच. चालू विंडोजच्या आतून. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सेटअप असलेली एकच फाइल, उतरवा. तिच्यावर एंटर मारले की ती ड्राइव्हसारखी उघडते. आतली 'सेटअप' फाइल चालवा. तुमचे एनव्हीडीए सगळा वेळ बोलत राहील. तयारीच्या शेवटच्या स्क्रीनवर 'चेंज व्हॉट टू कीप' असे मिळेल. तिथे तीन पर्याय: फाइली आणि अ‍ॅप ठेवा, फक्त फाइली ठेवा, काहीच ठेवू नका. तिसरा, म्हणजे 'नथिंग'. इन्स्टॉल दाबा आणि चहा घ्या. यंत्र आपणहून दोन-चार वेळा बंद-चालू होईल, त्या काळात कुणी काही विचारत नाही. बूट मेनू (यंत्र कशावरून सुरू व्हायचे ते निवडायची यादी) नाही, बायोस (विंडोजच्या आधी चालणारे यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर) नाही. शेवटी देश, कीबोर्ड, वायफाय विचारणाऱ्या स्क्रीन येतात, तिथे कंट्रोल-विंडोज-एंटर.

दुसरी, सेटिंग्जमधले 'रीसेट धिस पीसी'. चांगले आहे, पण ते जे विंडोज आहे तेच परत टाकते. तुम्हाला १० वरून ११ वर जायचे आहे, म्हणून बाद.

तिसरी, पेन ड्राइव्हवरून बूट. विंडोज उघडतच नसेल किंवा हार्ड डिस्क बदलली असेल तर हाच मार्ग उरतो. त्याबद्दल विचारलेत तर लिहीन, नाहीतर प्रतिसादाची पोथी होईल.

मधली_सुट्टी

मी लो व्हिजन, म्हणजे थोडेच दिसते. खुडबुड्यांची पहिली वाट बरोबर आहे, फक्त एक लक्षात ठेवा. 'नथिंग' निवडले तरी सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात जुने सगळे पडून राहते आणि काही दिवसांनी आपोआप जाते. डी ड्राइव्हला तर हातच लागत नाही. लॅपटॉप विकायचा असेल तर ही पद्धत पुरेशी नाही. स्वतःच वापरायचा असेल तर उलट बरेच, विसरलेली फाइल तिथे सापडते.

आता थोडे कडू बोलते. डोळस लोक तरी कुठे स्वतः विंडोज टाकतात? माझ्या ऑफिसातला एकही जण टाकत नाही, सगळे दुकानातच देतात आणि त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. आपणच का प्रत्येक गोष्ट स्वतः करून दाखवायची? मी शनिवारी पाचशे रुपये देते आणि झोपते.

कानसेन

@मधली_सुट्टी, करून दाखवायचे नाहीये हो कुणाला. तुमच्या ऑफिसातल्या लोकांना दुकानातून आलेला लॅपटॉप उघडल्या उघडल्या वापरता येतो. मला येत नाही. तेवढाच फरक आहे.

@खुडबुड्या, पोथी लिहा. वाचणारे आहेत.

जुनं_खोड

निवृत्त. डोळे लहानपणीच गेले. ताईंचा प्रश्न वाचून विंडोज एक्सपीचे दिवस आठवले.

तेव्हा एक्सपीच्या सीडीतला पहिला निम्मा भाग निळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालायचा. नॅरेटर विंडोज २००० पासून होता, पण या भागात त्याला शिरकाव नव्हता. म्हणून आम्ही कळा पाठ करायचो. एंटर, मग एफ ८ म्हणजे करार मान्य, जुने पार्टिशन (डिस्कचा भाग) उडवायला डी, मग एंटर, मग खात्रीसाठी एल, नवे करायला सी. पुढची कळ कधी मारायची ते सीडी ड्राइव्हच्या घरघरीवरून ठरायचे. घरघर थांबली की समजायचे काहीतरी विचारतोय. दुसरा भाग रंगीत, त्यात ती सुप्रसिद्ध '३९ मिनिटे' असायची. डोळस माणसे त्या ३९ मिनिटांकडे बघत बसायची, आम्हाला तेवढा एक त्रास नव्हता.

ज्यांना पाठांतराचा कंटाळा ते उत्तरांची फाइल बनवून फ्लॉपीवर ठेवायचे. सेटअप ती वाचायचा आणि सगळे प्रश्न स्वतःच सोडवायचा. शेवटी आवाजाचा ड्रायव्हर नशिबाने बसलेला असला तर एक्सपीचे स्वागताचे संगीत वाजायचे. ते ऐकू आले की घरात पेढे वाटावेत असे वाटायचे.

मग त्यावर जॉज हा स्क्रीन रीडर टाकायचे. परवान्याची किंमत आवाक्याबाहेर, म्हणून चाळीस मिनिटांचा डेमो. चाळीस मिनिटे झाली की यंत्र पुन्हा चालू करायचे. पत्र लिहायचे ते चाळीस मिनिटांत लिहायचे. आजच्या पोरांना एनव्हीडीए फुकट मिळते, ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकेल करन आणि जेम्स टे यांनी उभे केले. २००६ ला सुरुवात झाली. त्यांचे नाव मी संध्याकाळच्या प्रार्थनेत घेतो, खोटे नाही सांगत.

तिरकस

चाळीस मिनिटांचा डेमो! म्हणजे काका, तुमची पत्रे मुद्देसूद असणार.

जुनं_खोड

पत्रे मुद्देसूद, प्रेमपत्रे अर्धवट.

पेंग्विनप्रेमी

हा धागा माझ्यासाठीच उघडला आहे असे समजून लिहितो. मी डोळस आहे, पण आमच्या कॉलेजात अंध मुलांसाठी लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या सिस्टीमची, यंत्रे तयार करायचो.

डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरून सुरू केला की मेनू तयार झाल्यावर बीप वाजते. जुन्या बायोसवर एकदा, नव्या ईएफआय यंत्रावर दोनदा. बीप ऐकली की एस दाबा आणि एंटर. तिथून पुढे पूर्ण इन्स्टॉलेशन बोलत बोलत होते, आणि नवी सिस्टीमही बोलकीच सुरू होते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सात डेस्कटॉप आला की आल्ट, सुपर (विंडोजची कळ) आणि एस, ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर चालू. मेनू आला हे कळावे म्हणून एक बीप वाजवायची, एवढी साधी गोष्ट. अब्जावधीच्या कंपन्यांना का सुचत नाही?

मधली_सुट्टी

बीपला पूर्ण मार्क. पण ताईंनी विंडोज कसे टाकायचे विचारले आहे, कुठली सिस्टीम घ्यायची ते नाही. 'तब्येत बरी नाही' म्हटले की 'गाव बदला' सांगणारे असतात तसे वाटले.

पेंग्विनप्रेमी

मान्य. पण गाव चांगले आहे.

बे_एरियातला_बंडू

कॅलिफोर्नियातून. बायको अंध आहे, ती मॅकवाली. तिथे व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर २००५ पासून सिस्टीममध्येच आहे आणि रिकव्हरीतही बोलतो, कमांड आणि एफ ५. ती सगळे पुसून परत टाकते तेव्हा मी शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत असतो. आवाजाचा ड्रायव्हर हा शब्द तिने माझ्याकडून ऐकला, आणि मी या धाग्यावर. यंत्र आणि सिस्टीम एकाच घरची असल्याचा हा फायदा.

किमतीबद्दल मी बोलत नाही, इथेही रडतोच.

खुडबुड्या

पोथी अध्याय दुसरा. पेन ड्राइव्हवरून बूट करणे.

यात दोन मुके टप्पे आहेत. पहिला, यंत्राला 'पेन ड्राइव्हवरून सुरू हो' हे सांगणे. दुसरा, सेटअपमध्ये आवाज न येणे.

पहिल्यासाठी: जुने विंडोज उघडत असेल तर बूट मेनूच्या कळांशी झटापट करूच नका. पॉवर मेनूत शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर एंटर मारा. निळा मेनू येतो, त्यात नॅरेटर चालू होतो, 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेन ड्राइव्ह निवडा. बोलत बोलत निवड झाली.

विंडोज मेलेलेच असेल तर कळा. डेलला एफ १२, लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांना एफ १२, एचपीला एफ ९. यंत्र चालू करताक्षणी टकटक करत राहायचे. यादीत पेन ड्राइव्ह कितव्या ओळीत आहे हे यंत्रागणिक बदलते, म्हणून आयुष्यात एकदा कुणाकडून तरी ओळी मोजून घ्या आणि ब्रेलमध्ये लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. माझ्या बॅगेत अशी पट्टी आहे.

पेन ड्राइव्ह बनवायला रूफस हा प्रोग्राम वापरा, स्क्रीन रीडरबरोबर व्यवस्थित चालतो. तो शेवटी काही प्रश्न विचारतो: लोकल अकाउंट बनवू का, देश-भाषा याच यंत्रासारखी ठेवू का, डिस्कचे आपोआप होणारे एन्क्रिप्शन (कुलूपबंदी) बंद ठेवू का. इथे उत्तरे दिली की पुढे तेवढ्या स्क्रीन गाळल्या जातात.

डिस्क निवडण्याची स्क्रीन ही एकच खरी धोक्याची. नॅरेटर ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ आणि त्यांचे आकार वाचतो. आकार आधीच लिहून ठेवा. बाहेरची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा, टेबलावरसुद्धा नको.

आवाज आलाच नाही तर? यूएसबी हेडफोन लावून बघा, ज्याला स्वतःची चिप असते तो, गोल पिनेचा नाही. सेटअपच्या पहिल्या भागात त्याचा भरवसा देता येत नाही, पण फाइली कॉपी होऊन देश-कीबोर्ड विचारणाऱ्या स्क्रीन येतात तेव्हा पूर्ण विंडोज असते, तिथे तो चालतो. ड्रायव्हर वेगळा लागत नाही.

आणि कंट्रोल-विंडोज-एंटर एकदाच दाबा. त्याच कळांनी नॅरेटर बंदही होतो. घाबरून पुन्हा पुन्हा दाबत राहिलो तर आवाज उठायच्या आत आपणच त्याचा गळा दाबतो.

चिंचगुळ

वाचताना मला पहिल्यांदा कळलं की बायोसची स्क्रीन ही विंडोजच्या आधीची असते. इतकी वर्षे मी तिला 'ते निळं-काळं काहीतरी' म्हणत आले.

मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनवर धरून वाचता येत नाही का?

कानसेन

येतं. बी माय आइज हे अ‍ॅप आहेच. २०१५ पासून त्यात जगभरातले डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर मिळतात, आणि २०२३ पासून फोटोचे वर्णन करणारा एआयही आहे. मी औषधांच्या बाटल्यांसाठी रोज वापरते. बायोससाठी कुणी वापरलंय?

खुडबुड्या

वापरलंय. माणूस उत्तम, एआय अर्धा. एआय स्क्रीनवरचा मजकूर बहुधा बरोबर वाचतो, पण कुठली ओळ निवडलेली आहे हे विचारले की ठोकून देतो. बायोसमध्ये निवडलेली ओळ नुसती वेगळ्या रंगाची असते. एका अ‍ॅपने मला आत्मविश्वासाने 'पेन ड्राइव्ह निवडलेला आहे' सांगितले, शहानिशेला माणसाला फोन लावला तर निवड 'एक्झिट' वर होती. म्हणून बायोसमध्ये एआयला 'काय लिहिलंय' विचारा, 'कुठे आहे' विचारू नका. किंवा बाण एकदा दाबा, पुन्हा फोटो काढा, आणि काय बदलले ते विचारा.

पैसे खर्चायची तयारी असेल तर एचडीएमआय कॅप्चरचा छोटा डोंगल घ्या. बिघडलेल्या यंत्राची एचडीएमआय वायर त्यात, तो दुसऱ्या चालू लॅपटॉपला. पहिल्याचा पडदा दुसऱ्यावर व्हिडिओसारखा दिसतो, आणि तिथे एनव्हीडीए कळ आणि आर दाबले की विंडोजचे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे साधन) तो वाचते. कॅमेरा हलत नाही, चकाकी नाही, अक्षरे स्वच्छ. ओसीआरमध्येही निवडलेली ओळ कळत नाही, ते दुखणे तसेच.

जुनं_खोड

एक भर घालतो. यंत्र गप्प आहे की मेले आहे हे ओळखायला सीइंग एआय अ‍ॅपातला प्रकाश मोजणारा भाग वापरतो. फोन पडद्यासमोर धरला की उजेडाप्रमाणे सूर चढतो-उतरतो. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, म्हणजे यंत्र चालू-बंद होतेय, काम सुरू आहे. नातवाला वाटते आजोबा लॅपटॉपला बासरी ऐकवतात.

हार्डवेअरवाला_बार्शी

मी दुकानवाला. शिव्या खायची तयारी ठेवून वाचत होतो, कमीच पडल्या.

दिवसाला बरीच यंत्रे फॉरमॅटला येतात. खरं सांगतो, आजपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही की समोरच्याला यंत्र बोलतं करून द्यायला हवं. आमच्याकडे एक अंध शिक्षक येतात, त्यांना मी दर वेळी 'सर, झालं, एकदम ओके' म्हणून हातात देतो. ते 'बरं' म्हणून जातात. आता कळतंय घरी जाऊन काय होत असेल.

माझ्यासाठी कामाचं सांगा. अंध गिऱ्हाइकाचं यंत्र देताना नेमकं काय करून द्यावं?

आणि ताई, एक सूचना. उत्तरांच्या फाइलीचं काका म्हणाले ते आजही चालतं. पेन ड्राइव्हच्या मुळाशी 'ऑटोअनअटेंड' नावाची एक्सएमएल फाइल ठेवली की सेटअप एकही प्रश्न विचारत नाही. दुकानात आम्ही तीच वापरतो. तुमच्यासाठी तर सगळ्यात सोपं हेच.

खुडबुड्या

सोपे खरे, आणि म्हणूनच नवख्याला मी ते देत नाही. फाइलीत डिस्क पुसायची आज्ञा असेल तर तो पेन ड्राइव्ह म्हणजे भरलेली बंदूक. चुकून दुसऱ्या यंत्रात राहिला आणि ते त्यावरून सुरू झाले की न विचारता साफ. डोळस माणसाला पडदा बघून वायर ओढायला दोन क्षण तरी मिळतात. डिस्कचा प्रश्न फाइलीतून वगळा आणि बाकीची उत्तरे ठेवा, मग माझी हरकत नाही.

हार्डवेअरवाला_बार्शी

पटलं.

मधली_सुट्टी

बार्शीकर, दुकानवाल्यांकडून असा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. माझे आधीचे वाक्य थोडे मागे घेते. तुमच्यासारखा दुकानवाला असेल तर ताईसुद्धा दुकानात देतील.

कानसेन

@मधली_सुट्टी, प्रश्नपत्रिका सोडून!

बार्शीकर, मला लागते ते सांगते. आवाजाचा आणि वायफायचा ड्रायव्हर नक्की बसवा, आवाज म्यूट नाही ना बघा. एनव्हीडीए टाका, फुकट आहे, आणि लॉगिनच्या आधीपासून सुरू होईल असे ठेवा, म्हणजे पासवर्डच्या चौकटीतही बोलेल. चाचणीसाठी पडदा बंद करून स्वतः एकदा लॉगिन करून बघा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, कागद मी कसा वाचणार, मेसेज करा. आणि 'एकदम ओके' म्हणायच्या आधी सरांना तिथेच कीबोर्ड हातात द्या.

खुडबुड्या

माझी भर: डिस्क एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या हल्लीच्या आवृत्त्यांत नवे इन्स्टॉलेशन मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडले की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते. मग कधी बायोस अपडेट झाले की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसते. मला ती स्क्रीन भेटली तेव्हा तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. की खात्याच्या वेबपेजवर मिळते, ती आधीच फोनमध्ये साठवून ठेवा. दुकानवाल्याने स्वतःच्या खात्याने यंत्र उघडून दिले असेल तर ती की त्याच्या खात्यात, हेही बार्शीकरांनी ध्यानात घ्यावे.

हार्डवेअरवाला_बार्शी

बाप रे. हे मी माझ्या पोरांना उद्याच सांगतो.

चिंचगुळ

अवांतर: अपंग हक्क कायदा २०१६ चा आहे ना? आणि २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. मग लॅपटॉप विकणाऱ्यांना बोलका बायोस द्यायला लावता येत नाही का?

जुनं_खोड

बँकेच्या केवायसीत 'डोळे मिचकवा' सांगणारे अजून सांगतातच, मुली. बायोसपर्यंत कायदा पोचेपर्यंत मी पुढचा जन्म घेऊन आलेला असेन. पण मागणी बरोबर आहे. यंत्रात स्पीकर असतो, बायोसात जागा असते, निदान पेंग्विनवाल्यांसारखी एक बीप तरी द्या म्हणावे.

कानसेन

झाले! विंडोज ११ बसले. कुणालाही न बोलावता.

वाट क्रमांक एक. आधी बॅकअप: फाइली, ब्राउझरचे बुकमार्क, आणि एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर, माझ्या सेटिंगा आणि अ‍ॅडऑनसकट. मग आयएसओ, सेटअप, नथिंग, इन्स्टॉल. इथपर्यंत एकही अडचण नाही. नंतरची शांतता मात्र लांबली. फोनचा प्रकाशवाला सूर ऐकत बसले, काका, तुमची बासरी कामाला आली.

सूर बराच वेळ एकाच पट्टीवर राहिला तेव्हा कंट्रोल-विंडोज-एंटर दाबले. काही नाही. गोल पिनेचा हेडफोन काढून यूएसबीवाला लावला, आणि नॅरेटर वाक्याच्या मधूनच बोलता झाला. म्हणजे तो आधीपासून बोलतच होता, मला पोचत नव्हते.

वायफाय दिसलेच नाही. अँड्रॉइड फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, लगेच इंटरनेट आले. हे कुणी लिहिले नव्हते, म्हणून नोंदवून ठेवते. पुढे सगळे अपडेट झाल्यावर वायफाय आणि स्पीकर दोन्ही आपणहून जागे झाले. डेस्कटॉपवर पोचल्यावर पोर्टेबल प्रतीतूनच एनव्हीडीए बसवले. नॅरेटरचे आभार मानून त्याला घरी पाठवले.

विंडोजची परवाना की कुठेही विचारली नाही, यंत्राशी जोडलेला डिजिटल परवाना आपोआप लागू झाला.

आता अडलेय एकच. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, पण विंडोज-स्पेसने भाषा बदलली की एनव्हीडीएचा आवाज इंग्रजीच राहतो. मराठी मजकूर इंग्रजी बाई वाचते, 'आहे' चे 'आही' करते.

खुडबुड्या

अभिनंदन! टेदरिंगचे माझ्या पोथीत राहून गेले, घालतो.

कीबोर्ड बदलल्याने आवाज बदलत नाही, ते वेगळे. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये सिंथेसायझर (आवाज तयार करणारा भाग) ईस्पीक निवडा आणि आवाजात मराठी घ्या. त्याच आवाजात इंग्रजी शब्दही बऱ्यापैकी वाचतो. आवाज यंत्रमानवी आहे, सवय होते. वेग वाढवलात की बरा वाटतो.

तिरकस

ताई, मनापासून अभिनंदन. माझ्या लॅपटॉपवर विंडोज टाकून द्याल का? सातव्या पिढीचा आहे, पाचशे रुपये देतो.

कानसेन

सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. १० वरच राहा आणि वाढीव सुरक्षा अपडेटांची नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. सल्ल्याचे पाचशे झाले, खाते क्रमांक व्यनि (खाजगी निरोप) करते.

पेंग्विनप्रेमी

@तिरकस, सातव्या पिढीवर डेबियन उत्तम पळतो.

मधली_सुट्टी

आलेच हे.